चौदा खळ्यांचं मातेरं

माझी सून क्वार्क कसे हालतात ते मोजते. आमच्या शेणवे गावात असं सांगणारी सासू मी एकटीच, आणि सांगताना मी अडखळतही नाय. बाकीच्या बायका सांगतात, आमची सून नर्स आहे, आमची सून बँकेत आहे. सांगोत बापड्या. माझ्या वाट्याला हे आलंय, तर मी हे सांगते.

पहिल्यांदा मला कुठे काय कळत होतं! कुणाली लग्न होऊन आली तेव्हा शहापूरच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायची, अजून शिकवते. सकाळी स्कूटीवरून जायची, दोनला यायची, चार घास खायची आणि ओटीवरच्या टेबलाशी कॉम्प्युटर उघडून बसायची ती दिवे लागेपर्यंत. समोर नुसते ठिपके. हिरवे, निळे, हजारोंनी. मी दोन महिने गप्प बसले. गप्प बसणं हा माझा स्वभाव नाय, घरात कुणालाही विचारा. मला राग आला की आधी भांडी वाजतात आणि मग मी बोलते. तिसऱ्या महिन्यात भांडी वाजली. मी म्हटलं, बये, हे ठिपके शिजवायचे कधी?

दुसरी कुणी असती तर डोळ्याला पदर लावला असता, नायतर नवऱ्याचे कान भरले असते. कुणालीनं शेजारची खुर्ची पुढे ओढली, मला बसवलं आणि शाळेतल्या पोरीला सांगावं तसं सांगितलं. आपण सगळी, हा खांब, ती म्हैस, ज्या कणांची बनलोय, त्यांच्या पोटात आणखी बारीक चीज असते, तिचं नाव क्वार्क. ते कधी एका जागी बसत नायत. बघायला भिंग चालत नाय, म्हणून अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत त्यांच्यावर इलेक्ट्रॉन सोडतात. इलेक्ट्रॉन क्वार्कवर आपटतो आणि वळतो. आपटण्याच्या धक्क्यानं दुसरा एखादा कण बाहेर उडतो. भोवती यंत्रं मांडलेली असतात, ती दोघांचे कोन टिपतात. क्वार्क आधीपासूनच आडवा हालत असेल, तर उडालेला कण सरळ वाटेवर पडत नाय, बाजूला पडतो. किती बाजूला, हे लाखो वेळा मोजलं की आतला क्वार्क आडवा किती हालत होता ते कळतं. अमेरिकेतून ती टिपणं येतात, एकेक ठिपका म्हणजे उडालेला एकेक कण, आणि ही इथे बसून मोजते.

मी म्हटलं, कळलं, पोत्यात सळई खुपसून आतला तांदूळ बघतात तसं. तिनं सरळ मान हलवली. "तसं नाय, आई. पोतं फुटत नाय सळईनं. आणि तांदूळ पोत्यात धावत नाय." कुणालीला उदाहरणं अजिबात चालत नायत. आहे ते आहे तसं कळून घ्या, म्हणते. मला तिचा रागच आला, पण त्या दिवसापासून मी ठिपक्यांना नावं ठेवली नायत.

ती मूळची मुरबाडकडची, धसईची. वडील महादू म्हणजे तिकडचे मोठे शेतकरी, खळ्यावर वीस-वीस माणूस राबायचं. पोरगी हुशार, आणि तिला ते पक्कं ठाऊक. चालणं ताठ, बोलणं एकदाच. माझा प्रणित भिवंडीच्या गोदामात सुपरवायझर आहे, तो गरीब गाय. बायको बोलली की तो हो म्हणतो, मी बोलले तरी हो म्हणतो, आणि मग दोघींची तोंडं चुकवून गोठ्यात जाऊन बसतो.

तिच्या कामातला सगळ्यात मोठा भाग म्हणजे निवडणं. यंत्राला काय, समोर येईल ते टिपतं. भलत्याच धडकेचे कण, चुकीचे वाचलेले, अर्धवट, सगळं त्यात येतं. ते काढून चांगलं तेवढं ठेवायचं. ह्यात कुणालीचा हात धरणारं कुणी नाय, असं तिचा पीएचडीचा गाईड म्हणायचा. सात देशांतली माणसं तिच्या गटात, आणि सगळ्यांत स्वच्छ काम हिचं. मला ते ऐकून बरं वाटायचं. तांदूळ निवडायला बसली तरी खडा काय, कणीसुद्धा ठेवायची नाय. मला वाटायचं, माझ्या घरात शोभेल अशी आली.

तर मागच्या वर्षी गणपतीच्या सुमारास तिचा आकडा तयार झाला. पाच वर्षांचं काम. क्वार्क आडवे किती हालतात, तो आकडा. गटानं मंजूर केल्याशिवाय तो बाहेर दाखवायचा नाय, पीएचडीच्या थीसिसातही घालायचा नाय, असा त्यांचा नियम. आणि पीएचडीची मुदत दोनदा वाढवून झालेली, आता जूनला संपणार. कॉलेजातली तिची जागाही तात्पुरती. पीएचडी झाली तर जागा कायम, नाय झाली तर जूनपासून त्या खुर्चीवर दुसरं माणूस. म्हणजे सगळा जीव त्या एका आकड्यावर टांगलेला.

मीटिंगा आमच्या संध्याकाळी सातला असायच्या, तेव्हा अमेरिकेत सकाळ. मी स्वयंपाकघरातून कान देऊन असायची. इंग्रजी कळत नाय, पण कोण कुणाला टोचतंय ते कुठल्याही भाषेत कळतं. गटात इटलीच्या एक बाई होत्या, पांढऱ्या केसांच्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी विचारलं, आणखी दोघांनी हेच मोजलंय, त्यांचे आकडे मोठे आहेत, तुझा लहान का? कुणालीनं उत्तर दिलं की त्यांनी नीट साफ केलेलं नाय, त्यांच्यात कचरा राहिलाय. जेवताना तिनं मला हे सांगितलं, आणि भाकरी मोडली ती अशी, जशी त्या दोघांची मान. मी म्हटलं, बरं केलंस. बाईंनी तिला डिसेंबरपर्यंत वेळ दिला. तोवर दुसरं काही निघालं नाय, तर इतरांशी जुळत नाय अशी एक टीप जोडून आकडा मंजूर.

नोव्हेंबरात आमची भाताची झोडणी आली. गावात यंत्र आलंय, पण आमचं दीड एकर, आमी हातानंच झोडतो. खळं सारवलं, मधे लाकडी पाट ठेवला, चार बायका लावल्या. कुणालीनं दोन दिवस रजा टाकली. कामाला ती कमी नाय, पदर खोचून उभी राहिली आणि बायकांच्या बरोबरीनं पेंढ्या झोडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी भात वारवून झालं, रास पोत्यांत भरली. मी पोती शिवत होते. वळून बघते तर खळं लखलखीत झाडलेलं, आणि कुणाली पाटीभर मातेरं उकिरड्यावर ओतून परत येतेय.

मातेरं म्हणजे खळ्याच्या कडेला शेवटी उरतं ते. माती, काडी, शेणाचे पोपडे, आणि त्यात दाणा. लोक बोलतात ना, सगळ्याचं मातेरं झालं, ते तेच.

माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती सांगता येत नाय. बायकांसमोर मी तिला बोलले. काय काय बोलले ते आता लिहीत नाय, पण मोठ्या घरची माजोरी एवढं तरी नक्की बोलले. ती म्हणाली, आई, कचरा होता तो. आमच्याकडे असाच सोडतात. मी म्हटलं, सोडतात ते मला ठाऊक आहे. आणि सूप घेऊन उकिरड्यावर गेले.

ती माझ्या मागे आली. माफी मागायला नाय, माफी तिला येत नाय. बघायला आली. मी पाटीत मातेरं परत भरलं, सावलीला बसले आणि पाखडायला लागले. आधी वारा दिला, मग सुपाला झोल दिला, माती खाली, काडी वर, मग हातानं पोपडे फोडले. तासाभरानं पायलीभर भात निघालं. पोचं नाय, भरलेलं, टपोरं. कुणाली मांडी घालून समोर बसली होती. तिनं दाणे हातात घेतले, दातानं एक फोडून बघितला.

"हे तुमी कुठे शिकलात?" तिनं विचारलं.

आता सांगते ते मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. प्रणित दोन वर्षांचा होता. त्याचा बाप, धर्मा, राबासाठी, म्हणजे रोपाची जमीन भाजायला, फांद्या तोडताना ऐनाच्या झाडावरून पडला, मांडी मोडली. त्या वर्षी आमचं शेत पडीक राहिलं. झोडणीच्या दिवसांत मी झाडू आणि सूप घेऊन दुसऱ्यांच्या खळ्यांवर गेले. कुणी ओळखू नये म्हणून आपल्या गावात नाय, लांब लांब गेले. मालकाची रास उचलून झाली की मातेरं मागायचं. कुणी चांगलं बोलून द्यायचे, कुणी तोंडाकडे बघायचे नायत, हातानंच दाखवायचे, ने. अशी चौदा खळी झाडली मी. त्यावर आमी होळीपर्यंत जगलो. धर्मा पुढे बरा झाला, सहा वर्षांपूर्वी गेला, पण मरेपर्यंत त्यानंही हा विषय काढला नाय. प्रणितला तर ठाऊकच नव्हतं. मी कुणालीला म्हटलं, त्याला सांगू नकोस. मला लाज वाटते.

माझे डोळे भरले होते. आणि ही बाई मला विचारते, खळ्याच्या कुठल्या बाजूला दाणा जास्त असायचा?

मला वाटलं सूपच घालावं डोक्यात. पण विचारलंय तर सांगितलं. कडेला, अगदी लांब. जोरात झोडलं की भरला दाणा उसळून लांब जातो. पोचा जागच्या जागी गळतो, नायतर वाऱ्यावर जातो. लांबच्या कडेला माती जास्त म्हणून मालक तिकडे बघत नाय. पण नीट पाखडलं तर दाणा तिथेच असतो.

ती उठली, हात झटकले, घरात गेली आणि कॉम्प्युटर उघडला. पोती उचलायला मला कोंडूला बोलवावं लागलं, शेजारच्याला. मी रात्रीच्या जेवणापर्यंत तिच्याशी बोलले नाय.

झालं होतं ते असं, हे मला तिनं नंतर सांगितलं. पाच वर्षांपूर्वी, अगदी सुरुवातीला, तिनं एक रेघ मारली होती. सरळ वाटेपासून फार लांब पडलेले ठिपके यंत्र नीट वाचत नाय, त्यांत घाण जास्त, म्हणून रेघेपलीकडचं सगळं कचऱ्यात. एकदा टाकलं ते परत उघडून बघितलंच नाय. तिच्या माहेरीही बघायचे नायत. टाकलेलं मागे कोण उचलून नेतं, त्यातून काय निघतं, हे धसईच्या त्या खळ्यावर उभ्या राहिलेल्या पोरीला कधी दिसलंच नव्हतं. तिचे आजोबा हातानंच दाखवत असतील, ने.

तीन आठवडे तिनं रेघेपलीकडचं उघडून तपासलं. बहुतेक कचराच होता, हे तिनं मला मुद्दाम सांगितलं, मी फुगू नये म्हणून. पण शंभरातले आठ चांगले निघाले. आणि लांब पडलेले तेच, म्हणजे जे क्वार्क सगळ्यात जास्त आडवे हालत होते त्यांचे. तेच गाळले तर आकडा लहान येणारच. इटलीच्या बाईंचं बरोबर होतं. कचरा त्या दोघांच्यात नव्हता, दाणा हिच्या उकिरड्यावर होता.

मी म्हटलं, बघ, मातेऱ्यानं सांगितलं. लगेच मान हलली. "मातेऱ्यानं उत्तर नाय दिलं, आई. भात वेगळं, क्वार्क वेगळे. मी टाकलेलं तपासलं नव्हतं, एवढंच कळलं." बरं बाई, एवढंच कळलं. एवढंही मोठ्या घरच्या माणसाला उशिरा कळतं, पण हे मी मनात म्हटलं.

खरी पंचाईत पुढे होती. तिनं मारलेली रेघ तिच्याशिवाय कुणाला खटकली नव्हती. डिसेंबरच्या मीटिंगला टीप जोडून आकडा मंजूर होणार हे ठरल्यातच जमा होतं. मंजूर झाला असता तर मार्चात थीसिस, जूनच्या आत पीएचडी, जागा कायम. आणि खरं सांगितलं तर पाच वर्षांचं निवडणं पहिल्यापासून. जूनपर्यंत होईल की नाय, गाईडलाही खात्री नव्हती.

प्रणित गोठ्यातून बाहेर आला आणि जन्मात पहिल्यांदा तिच्याशी वाद घातला. आता देऊन टाक, म्हणाला, पीएचडी होऊ दे, मग सावकाश दुरुस्त कर, कोण बघतंय? आणि मी, मला आता सांगायला लाज वाटत नाय, मीही त्याच्याच बाजूला गेले. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस, असं मी तिला म्हटलं. आठच तर आहेत शंभरात.

कुणालीनं माझ्याकडे सरळ बघितलं. आवाज चढवला नाय. "त्या दिवशी पायलीभर दाण्यासाठी तुमी मला चार बायकांसमोर बोललात. आणि आता मला सांगता, टाक?"

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. मी आत गेले. भांडी वाजवायला हात गेला, पण वाजवली नायत.

डिसेंबरच्या मीटिंगला तिनं आपणहून सांगितलं. मी दाराशी उभी होते. तिची मान ताठ होती, आवाज नेहमीचाच. चुकले म्हणायला तिला जमत नाय असं मला वाटायचं, पण जिथे म्हणायचं तिथे ती सरळ म्हणाली, आणि त्या दोघांनी नीट साफ केलेलं नाय असं म्हटलं होतं तेही परत घेतलं. मग इटलीच्या बाई काहीतरी म्हणाल्या, आणि गाईडचा चेहरा उतरला. मंजुरी पुढे ढकलली.

मग जानेवारी ते एप्रिल ह्या घरानं एकच काम केलं. कुणाली कॉलेजातून यायची आणि बसायची. स्वयंपाक माझा, म्हैस प्रणितची, सणवार जमतील तसे. हळदीकुंकवाला बायकांनी विचारलं, सून दिसत नाय? मी म्हटलं, तिचं मातेरं पाखडायचं चाललंय. त्यांना वाटलं मी चिडून बोलले. मी चिडले नव्हते. मला खात्री होती. बाई एकदा पाखडायला बसली की दाणा सोडणारी नव्हती. मार्चात एकदा ती म्हणाली, आई, होईल. एवढंच. मीही म्हटलं, होणारच, जेव.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मीटिंग लागली. संध्याकाळचे सात. ह्या वेळी मी स्वयंपाकघरात थांबले नाय, ओटीवर खुर्ची टाकून तिच्या शेजारीच बसले, पण त्या चौकटीत दिसणार नाय अशी. प्रणित दुसऱ्या बाजूला. कुणालीनं चित्रं दाखवली. जुना आकडा, नवा आकडा. नवा मोठा होता आणि त्या दोघांच्या जवळ जाऊन बसला होता. इटलीच्या बाईंनी तीन प्रश्न विचारले. तिन्हींना उत्तर मिळालं. मग बाई हसल्या, बाकीच्या चौकटींतली माणसं हसली, आणि गाईडनं दोन्ही अंगठे वर केले. मी प्रणितकडे बघितलं. त्यानं मान डोलावली. झालं होतं. जूनच्या आत थीसिस बसणार होता.

मग बाईंनी आणखी एक विचारलं. कुणाली थांबली. तिनं आमचा आवाज तिकडे जाऊ नये म्हणून बटण दाबलं आणि माझ्याकडे वळली.

गाळलेलं सगळं तिनं एका फाईलीत वेगळं ठेवलं होतं. त्या फाईलीला तिनं नाव दिलं होतं मातेरं. बाई विचारत होत्या, ह्या शब्दाचा अर्थ काय? कारण इथून पुढे गटातल्या प्रत्येकानं आपापलं गाळलेलं असंच वेगळं ठेवून तपासायचं असं त्यांनी ठरवलं होतं, आणि नाव हेच ठेवायचं म्हणत होत्या.

"सांगू?" कुणालीनं विचारलं. "नुसतं खळ्यावरचा कचरा म्हणूनही सांगता येईल. तुमी म्हणाल तसं."

प्रणित आमच्या दोघींकडे बघत होता. त्याला काहीच कळत नव्हतं. बत्तीस वर्षं मी ते कळू दिलं नव्हतं. मला त्या चौदा खळ्यांचे मालक आठवले, त्यांचे हात आठवले. मग मी म्हटलं, "कचरा नको सांगूस. सगळं सांग. चौदा खळ्यांवरचं माझ्या सासूनं झाडून आणलं, पाखडलं, आणि हा शेजारी बसलाय त्याला त्यावर वाढवला, असं सांग."

कुणालीनं बटण परत दाबलं आणि सांगायला लागली. इंग्रजीत होतं, मला त्यातलं माझं नाव, ताराबाई, तेवढं कळलं. प्रणित माझ्याकडे बघतच राहिला. चौतीस वर्षांचा बाप्या, आपण काय खाऊन मोठे झालो ते त्याला आत्ता कळत होतं. मी नजर खाली घातली नाय.